मंडळाचं नाव थ्रीडी करताना अक्षरांचा चिखल का होतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘कोरलड्रॉमध्ये मंडळाचं नाव एक्स्ट्रूड केलं (म्हणजे अक्षरांना मागे जाडी दिली) की अक्षरं चिखलात रुतल्यासारखी दिसतात, शिरोरेषेवर पांढरी भोकं पडतात, पिवळ्या अक्षराची बाजू फ्लेक्सवर हिरवट येते आणि फाइल उघडायलाच पाच मिनिटं लागतात. इलस्ट्रेटर शिकलो तर हे सुटेल का?’

शेवटच्याचं उत्तर आधी देतो. नाही सुटणार. या चार वेगवेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यातली फार तर दीड तक्रार सॉफ्टवेअरची आहे. बाकीच्या तुमच्याबरोबर इलस्ट्रेटरमध्येही येतील, इंकस्केपमध्येही येतील. मी दोन्ही-तिन्ही वापरतो आणि मंडळांच्या बोर्डांची कामं आजही कोरलमध्येच करतो, कारण आमच्याकडचा प्रिंटवाला तीच फाइल मागतो.

वेक्टरच्या, म्हणजे रेघा-वक्रांनी बनलेल्या चित्राच्या, कागदाला लांबी आहे, रुंदी आहे, खोली नाही. खोली आपण रंगांच्या छटांनी भासवतो. एक्स्ट्रूड टूल बाजूच्या भिंतींची भूमिती काढून देतं, ते त्याचं काम चोख करतं. पण उजेड कुठून येतोय, भिंत किती जाड आणि तिचा रंग कोणता, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. तुम्ही नाही ठरवलं की ते स्वतःचं काहीतरी लावतं, आणि ते इंग्रजी अक्षरांवर बरं दिसतं. आपल्या अक्षरांवर नाही दिसत. त्याचं कारण शिरोरेषा, आणि भोकांचं मूळही तिथेच आहे.

देवनागरीत शेजारची अक्षरं शिरोरेषेपाशी एकमेकांवर किंचित चढलेली असतात, म्हणजे रेघ सलग दिसते. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टांत तर काना, वेलांटी, मात्रा हेही सुटे तुकडे असतात. कंट्रोल + क्यू दाबून कर्व्ह केलं, म्हणजे टाइप केलेल्या अक्षरांचे नुसते आकार केले, की कोरल सगळ्याचा मिळून एक कंबाइन केलेला आकार करतं, आणि अशा आकारात जिथे दोन तुकडे एकमेकांवर येतात तिथे भोक पडतं. सपाट अक्षरात ते केसाएवढं असल्याने नजरेतून सुटतं. एक्स्ट्रूड केलं की त्या केसाएवढ्या भोकालाही आतून चार भिंती फुटतात!

म्हणून एक्स्ट्रूडला हात लावायच्या आधी वेल्ड करायचं, म्हणजे एकमेकांवर चढलेले तुकडे सांधून एकच आकार करायचा. कर्व्ह केल्यावर कंट्रोल + के ने तुकडे सुटे करा. आता प, म, ब, व यांची पोटं (आतल्या मोकळ्या जागा) भरलेली दिसतील, घाबरू नका. पोटांचे आकार निवडून त्यांना एखादा भडक रंग देऊन ठेवा. एकमेकांवर चढल्यामुळे पडलेली बारीक भोकंही सुट्या तुकड्यांत राहिली असतील तर ती सरळ डिलीट करा. मग उरलेले बाहेरचे तुकडे निवडून वेल्ड करा आणि शेवटी पोटांसकट सगळं निवडून कंट्रोल + एल ने कंबाइन करा. इलस्ट्रेटरमध्ये हेच काम क्रिएट आउटलाइन्स आणि पाथफाइंडरमधलं युनाइट अशा दोन क्लिकांत होतं, इंकस्केपमध्ये ऑब्जेक्ट टू पाथ, अनग्रुप आणि युनियन. मघाशी म्हटलेली दीड तक्रार ती हीच.

वेल्ड झाल्यावर झूम करून शिरोरेषा बघा. दोन अक्षरांच्या रेघा अर्ध्या मिलिमीटरने वरखाली असतील तर तिथे पायरी दिसेल, आणि प्रत्येक पायरीची पुढे एक स्वतंत्र भिंत होते. फालतू नोड (रेघेवरचे बिंदू) काढून टाका. काहीजण शिरोरेषेच्या जाडीचा एक लांब आयत शब्दभर टाकून वेल्ड करतात. युक्ती चांगली आहे, फक्त भ, ध, थ यांच्यापाशी आयत तोडायला विसरू नका. ती फट बुजली की ‘धन’चं ‘घन’ होतं आणि ‘भाऊ’चा ‘माऊ’. असा एक बोर्ड मी चौकात लागलेला पाहिलाय. सुदैवाने माझा नव्हता.

आता चिखल. कोरलचं एक्स्ट्रूड सुरुवातीला ‘स्मॉल बॅक’ प्रकारात असतं, म्हणजे सगळ्या भिंती मागे एका बिंदूकडे निमुळत्या होत जातात. एकट्या ‘ॐ’ला किंवा एका अंकाला हे छान दिसतं. पण ‘नवतरुण मित्र मंडळ’ एवढ्या लांब ओळीत पहिल्या अक्षराची उजवी भिंत दिसते, शेवटच्याची डावी आणि मधल्यांची नुसती खालची. डोळ्याला प्रत्येक अक्षर नव्याने उलगडावं लागतं. नावाच्या ओळीसाठी ‘बॅक पॅरलल’ घ्या, सगळ्या भिंती एकाच दिशेला जातील. खाली दुसरी ओळ असेल तर तिलाही तीच दिशा द्या. आणि निमुळतं हवंच असेल तर व्हॅनिशिंग पॉइंट, म्हणजे तो मागचा बिंदू, दोन्ही ओळींचा सामाईक ठेवा, ती सोय टूलच्या प्रॉपर्टी बारवरच आहे.

दुसरं कारण जाडी. इंग्रजी मोठ्या लिपीतल्या अक्षरांच्या डोक्यावर सलग आडवी रेघ नसते. आपल्याकडे असते, आणि भिंत खाली काढली की शिरोरेषेची भिंत थेट अक्षरांच्या पोटात उतरते. त्यात मधल्या आडव्या रेघेचीही भिंत. प आणि ष यांत फरक काय तो पोटातल्या तिरप्या रेघेचा. पोट भरलं की दोघं सारखेच. माझा ठोकताळा असा आहे: भिंतीची खोली शिरोरेषेच्या जाडीच्या निम्म्यापासून सुरू करा, आणि शिरोरेषेच्या जाडीपलीकडे सहसा जाऊ नका. गिऱ्हाईक ‘अजून बाहेर काढा’ म्हणेल. तेव्हा खोली न वाढवता भिंतीचा रंग गडद करा, त्याला ‘बाहेर आलं’ असंच वाटतं.

फॉन्टही विचारपूर्वक घ्या. एक टाइप या मुंबईच्या टाइप फाउंड्रीचा ‘मोदक’ फॉन्ट मला फार आवडतो, फुकट आहे आणि लठ्ठपणात त्याचा हात कुणी धरणार नाही. पण त्याची पोटं म्हणजे नुसत्या चिरा आहेत. त्याला खोल भिंत दिली की चिरा बुजतात आणि उरतो तो गोळा. मोदकला बारीक बाह्यरेषा आणि मागे एक सावली पुरते. एक्स्ट्रूडसाठी त्यांचाच ‘बालू’ जास्त सोयीचा, पोटं मोकळी आहेत.

जुन्या, हाताने रंगवलेल्या दुकानांच्या पाट्या कुठे शिल्लक असतील तर थांबून बघा. चांगला पेंटर अक्षराची छाया अक्षराला चिकटवत नसे, मध्ये पाटीच्या रंगाची बारीक फट सोडत असे. त्या फटीमुळे अक्षराचा काठ स्वच्छ राहतो आणि लांबून वाचता येतं. आपण हेच कंटूर टूलने करू शकतो: दर्शनी अक्षराला बाहेरून बारीक कंटूर (अक्षराभोवतीची समांतर कड), त्याला फिकट रंग, आणि तो भिंतीच्या वर पण अक्षराच्या खाली. वीस फुटांवरून वाचायच्या बोर्डाला या एका कंटूरने जेवढा उठाव येतो तेवढा बेव्हलच्या (कडा तिरप्या छाटण्याच्या) सगळ्या करामतींनी येत नाही.

रंगांकडे वळू. पिवळ्याची बाजू हिरवट येते त्यात प्रिंटवाल्याचा काही दोष नाही. पिवळ्यात काळा मिसळला की शेवाळी हिरवा होतो, रंगाच्या डबीतही आणि मशीनवरही. एक्स्ट्रूडची शेडिंग काळ्याकडे जाते तेव्हा नेमकं हेच घडतं. एक्स्ट्रूडच्या रंगाच्या पर्यायांत ‘कलर शेडिंग’ असतं, तिथला काळा काढून स्वतःचा गडद रंग द्या. पिवळ्याची सावली केशरी-तपकिरीकडे न्यायची. मी साधारण (छपाईच्या शायांच्या टक्क्यांत) मॅजेंटा ४५, यलो १००, ब्लॅक १५ पासून सुरुवात करतो आणि त्याहून गडद बाजूला मॅजेंटा ७०, यलो १००, ब्लॅक ३५. लालाची बाजू करताना काळ्याबरोबर थोडा सायन घातला की ती मरूनकडे जाते आणि मळकट दिसत नाही. हे आकडे पक्के धरू नका. शाई, फ्लेक्स आणि मशीन यांप्रमाणे हलतात. हातभर तुकड्यावर नमुना काढून घ्या. तेच डिझाइन वर्तमानपत्रात जाहिरातीसाठी जाणार असेल तर चारही रंगांची बेरीज २४० टक्क्यांच्या आत ठेवा, नाहीतर गडद बाजू कागदावर पसरते.

उजेड एकच ठेवा. कोरलच्या लाइटिंगमध्ये तीन दिवे लावता येतात म्हणून तिन्ही लावायचे असं नाही. तीन दिवे लावले की सावलीची कुठली बाजू गडद हेच कळेनासं होतं. मी दिवे वापरतच नाही. एक्स्ट्रूड ब्रेक करतो, अनग्रुप करतो आणि भिंतींना हाताने रंग देतो. उजेड वरून डावीकडून धरला तर उजवीकडे पाहणाऱ्या भिंतींना मधली छटा, खाली पाहणाऱ्यांना सर्वांत गडद, दर्शनी भाग सर्वांत फिकट. एकाच दिशेच्या, लागून असलेल्या भिंती वेल्ड करून टाकतो. गोलाईच्या भिंतीवर मात्र या दोन छटांमधला ग्रेडियंट (हळूहळू बदलत जाणारा रंग) देतो, कारण तिथे दिशा हळूहळू वळते. सपाट भिंतीवर ग्रेडियंट कशाला? ती सगळीकडून सारखीच उजळलेली असते. नवशिक्याचं थ्रीडी पाच फुटांवरून ओळखू येतं ते बहुतेक याच चुकीमुळे.

फाइल जड होण्याचं कारणही मला तुमच्या वर्णनात दिसतंय: बहुधा तुम्ही ब्लेंड (दोन आकारांच्या मधले आकार भरणारं टूल) वापरून जाडी काढताय. मीही काढायचो. पंधरा अक्षरांच्या एका बोर्डला प्रत्येकी दोनशे स्टेप दिल्या होत्या, म्हणजे तीन हजार आकार, आणि त्यावर ट्रान्सपरन्सी. गणपती दोन दिवसांवर, रात्रीचे बारा, मशीनचं रिप सॉफ्टवेअर (फाइलचे छपाईचे ठिपके करणारं) अडकलं. ऑपरेटर शांतपणे म्हणाला, “दादा, टिफ करून आणा, तोवर मी जेवतो.” टिफ, म्हणजे पिक्सेलची चित्रफाइल, नेली. पण ब्लेंडच्या दोनशे कडांच्या पायऱ्या मोठ्या छपाईत करवतीसारख्या दिसल्या त्या दिसल्याच.

त्यापेक्षा भिंत हाताने बांधायला शिका, एकदा जमलं की दहा मिनिटांचं काम आहे. वेल्ड केलेल्या अक्षराची एक प्रत ठरलेल्या दिशेला सरकवून मागे ठेवा. आता पुढच्या अक्षराचा कोपरा मागच्या अक्षराच्या त्याच कोपऱ्याला जोडत पेन टूलने चौकोन काढत जा. सरळ कडांचं हे सोपं आहे. अडतं ते ट, र, ळ यांच्या गोलाईवर: रेघ कुठून सुरू करायची? उत्तर भूमितीत आहे. वक्राची स्पर्शिका जिथे सरकवण्याच्या दिशेला समांतर होते, नेमका तिथेच भिंतीचा काठ दिसतो. तो बिंदू डोळ्याने शोधू नका. सरकवण्याची दिशा उभी होईल इतकं अख्खं अक्षर फिरवा. मग वक्राचं सर्वांत डावं आणि सर्वांत उजवं टोक म्हणजेच ते बिंदू. उभी गाइडलाइन टेकवून तिथे नोड घाला आणि अक्षर परत तितकंच उलटं फिरवा. इंकस्केपमध्ये टोकाच्या बिंदूवर नोड घालायची आज्ञा तयारच असते, शिवाय ‘मोशन’ नावाचं एक्सटेन्शन या भिंती काढूनही देतं. या पद्धतीने अख्खं नाव शंभरेक आकारांत बसतं, आणि तुमचा जुना पीसीही ते सहज उचलतो.

विनाइल कटिंग, स्क्रीन प्रिंटिंग किंवा अॅक्रिलिकची अक्षरं यांना तर हाच मार्ग, कारण तिथे सलग ग्रेडियंट चालत नाही. ठोस रंगाचे, बंद आकारच लागतात.

बोर्डवर कलश, समई, घंटाही काढाव्या लागतात, त्याबद्दल थोडं. ज्यांनी शाळेत इंटरमिजिएटची चित्रकला परीक्षा दिली असेल त्यांना वस्तुचित्राचा घडा आठवत असेल. घड्याचा सर्वांत काळा भाग अगदी काठाला नसतो, काठापासून थोडा आत असतो. काठावर मागून परतलेला उजेड पडतो. वेक्टरमध्ये दंडगोलाला लिनिअर ग्रेडियंट देताना हे विसरलं की तो पाइप न वाटता मधोमध उजळलेला सपाट पत्रा वाटतो. काठापासून दहा-पंधरा टक्के आत सर्वांत गडद रंगाचा थांबा ठेवा आणि काठ किंचित उजळा.

गोल खांबावर पट्ट्या किंवा नक्षी गुंडाळायची असेल तर ती समान अंतरावर ठेवू नका, कारण गोलाई काठाकडे आवळत जाते. समोरच्या अर्ध्या वर्तुळाचे तीस-तीस अंशांचे सहा भाग केले तर समोरून त्यांच्या रेघा रुंदीच्या ०, ६.७, २५, ५०, ७५, ९३.३ आणि १०० टक्क्यांवर दिसतात. हे आकडे मी मॉनिटरला चिकटवून ठेवलेत. आणि वरून पाहताना समईच्या खालच्या तबकाचा लंबगोल वरच्यापेक्षा जास्त उघडा असतो, कारण तो डोळ्याच्या पातळीपासून जास्त खाली असतो. दोन्ही लंबगोल कॉपी-पेस्ट केले की समई कलते आहे असं वाटतं.

या एका बाबतीत मात्र इलस्ट्रेटर खरंच पुढे आहे. २००३ च्या सीएस आवृत्तीपासून त्यात रिव्हॉल्व्ह आहे: कलशाच्या अर्ध्या बाजूची रेघ काढा, ३६० अंशांत फिरवा, कलश तयार. २०२१ च्या अखेरीस आलेल्या आवृत्तीत ‘थ्रीडी अँड मटेरियल्स’ पॅनेल आलं, त्यात इन्फ्लेट (आकार फुगवणं) आणि रे ट्रेसिंगही (उजेडाचे किरण मोजून चित्र बनवणं) आहे, दिसायला सुरेख. पण रे ट्रेसिंगने रेंडर झालेलं चित्र म्हणजे पिक्सेल. ताणलं की फुटणारच. डॉक्युमेंट रास्टर इफेक्ट्समध्ये रेझोल्यूशन किती आहे ते पाहा. बोर्ड दहापट लहान करून आखत असाल तर ३०० पीपीआयचे (दर इंचातले पिक्सेल) छपाईत ३० च उरतात. वीस फुटांवरच्या बोर्डाला ते खपून जाईल, दुकानाच्या दारातल्या पाटीला नाही.

इमारत, खोकं, स्टेजचा आराखडा असं काही तिरपं दाखवायचं असेल तर पर्स्पेक्टिव्हच्या नादी न लागता आयसोमेट्रिक (लांबच्या कडा लहान न होणारं तिरपं चित्र) करा. समोरून सपाट काढलेल्या बाजूची उंची ८६.६ टक्के करा, आडवं ३० अंश शिअर करा (तिरपं ढकला) आणि ३० अंश फिरवा. इलस्ट्रेटरच्या हिशेबात उजव्या बाजूला शिअर अधिक ३०, फिरवणं अधिक ३०. डावीला दोन्ही उणे ३०. वरच्या छताला शिअर अधिक आणि फिरवणं उणे. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अधिक-उणेची दिशा उलटी असू शकते, तेव्हा एका चौकोनावर आधी करून पाहा. तिन्ही तुकडे फट न राहता जुळले म्हणजे बरोबर.

पार्श्वभूमीच्या ग्रेडियंटवर पट्टे दिसतात ही पुढची तक्रार तुमच्याकडून येणारच आहे, म्हणून आत्ताच सांगतो. एका रंगाच्या छटा २५६ असतात. तुम्ही २० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर जाता तेव्हा वाट्याला येतात फक्त ५१. दहा फुटी फ्लेक्सवर त्या पसरल्या की एकेक पट्टा सहा सेंटिमीटरचा होतो, मग दिसणारच. एक तर दोन टोकांच्या रंगांत जास्त अंतर ठेवा, नाहीतर पार्श्वभूमी बिटमॅप (पिक्सेलचं चित्र) करून त्यावर किंचित नॉइज (बारीक दाणे) टाका. वेक्टरवाल्यांना हे पाप वाटतं. मला नाही वाटत.

ड्रॉप शॅडोभोवती चौकोनी डबा उमटत असेल तर खालचा रंग स्पॉट (वेगळ्या तयार शाईचा) आहे का, किंवा फाइलमध्ये आरजीबी (स्क्रीनचे रंग) आणि सीएमवायके (छपाईचे चार रंग) मिसळलेत का ते बघा. बहुतेक वेळा कारण तिथेच सापडतं. सगळं सीएमवायके करून सावली आणि तिच्याखालची पार्श्वभूमी एकत्र बिटमॅप केली की डबा जातो.

एक सवय मात्र आजपासूनच लावा. प्रत्येक कामाच्या फाइलमध्ये शेजारच्या पानावर दोन प्रती ठेवा: एक टाइप केलेलं, कर्व्ह न केलेलं नाव, आणि एक वेल्ड झालेलं पण भिंती न काढलेलं सपाट अक्षर. रात्री साडेदहाला अध्यक्षांचा फोन येतो, ‘मित्र मंडळ’च्या आधी ‘सार्वजनिक’ राहिलंय म्हणून.